कानावर पडणारी भाषा आणि तोंडी बसणारी भाषा

दुसरी भाषा शिकायची तर ती सतत कानावर पडली पाहिजे, असे सगळेच सांगतात. ते खोटे नाही. मात्र अशा श्रवणाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार फारसा होत नाही.

शब्द लक्षात ठेवण्यापुरते पाहिले तर वारंवारतेचा उपयोग निर्विवाद आहे, त्यातही विभागलेल्या वारंवारतेचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांची माला पाठ करताना तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांचा त्यांना जेवढा लाभ झाला, तेवढ्यासाठी एकाच दिवशी ६८ आवृत्त्या कराव्या लागल्या. रविवारी तीन तास क्लासला बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा, असे मी म्हणतो ते यामुळेच.

व्याकरणाचे गणित मात्र वेगळे आहे. कॅनडातील माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक मुलांना बालवाडीपासूनच फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. अशा शाळांत वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकलेली मुले ऐकून आणि वाचून समजण्यात फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचली; बोलताना आणि लिहिताना मात्र नामांची लिंगे आणि क्रियापदांची रूपे चुकतच राहिली. कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याची मीमांसा करताना म्हटले, की या मुलांना नेमके बोलण्याची निकड पुरेशी भासत नव्हती.

हे पटायला कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. लहानपणापासून हिंदी चित्रपट आणि मालिका पाहत आलेल्या, प्रत्येक संवाद समजणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून ‘मेरी नाक’ऐवजी ‘मेरा नाक’ सहज निघून जाते, कारण लिंग चुकले तरी अर्थ पोहोचतो आणि ऐकणारा सौजन्याने गप्प बसतो. (आपणही मराठी बोलू पाहणाऱ्या परभाषकाला क्वचितच दुरुस्त करतो, बहुधा लगेच हिंदीवर येतो आणि त्याची सरावाची संधीही घालवतो.)

म्हणून हिंदी सुधारू इच्छिणाऱ्या ओळखीच्या मंडळींना मी आणखी मालिका सुचवत नाही. पाहिलेल्याच भागातला एखादा प्रसंग रोज चार-पाच वाक्यांत हिंदीत लिहून काढावा आणि एखाद्या हिंदीभाषक मित्राला निःसंकोच लाल शाई वापरू द्यावी, एवढेच सांगतो.