फेलनीनंतरचं लायसन्स

कॅलिफोर्नियात फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेल्यांना लायसन्सचे आणि नोकरीचे फॉर्म भरायला मी मदत करतो. बहुतेकांच्या पिशवीत एक लांबलचक माफीपत्र असतंच, कुणी मागितलेलं नसताना. मंडळातल्या एका ताईंचा मुलगाही तसंच घेऊन आला. नर्सिंगचा कोर्स पूर्ण, मार्क चांगले, बोर्डाकडचा लायसन्सचा अर्ज मात्र ड्रॉवरमध्ये पडून. ‘भाऊ, बोर्ड याला दारात तरी उभं करेल का हो?’ ताईंनी विचारलं. तो खाली मान घालून फोन बघत होता.

मी आधी शिक्षेची तारीख विचारली. जुलै २०२० पासून इथे एबी २१३८ हा कायदा लागू आहे. नर्सिंगसह लायसन्स देणाऱ्या राज्यातल्या बहुतेक बोर्डांना सात वर्षांपेक्षा जुन्या शिक्षेवरून सहसा लायसन्स नाकारता येत नाही. तुरुंगवास झाला असेल तर सात वर्षं सुटकेपासून मोजायची. त्याच्या आतली शिक्षा असली तरी गुन्ह्याचा त्या कामाशी ठोस संबंध लागतो. कायद्याने ‘सिरियस’ ठरवलेल्या फेलनींना ही मुदत लागू नाही, हे मात्र आधीच बघून घ्यावं. आणि बहुतेक बोर्डांना गुन्ह्याची माहिती अर्जदाराकडून सक्तीने मागता येत नाही. लाइव्ह स्कॅनचे, म्हणजे मशीनवर घेतलेले बोटांचे ठसे डीओजे (राज्याचं न्याय खातं) आणि एफबीआयकडे जातात, बोर्डाला कळायचं ते तिथून कळतं.

म्हणून पत्र बाजूला ठेवलं आणि त्याला स्वतःचंच रेकॉर्ड मागवायला लावलं. डीओजेची फी २५ डॉलर, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. ऐपत नसेल तर डीओजेची फी माफ होते. कागद आला. एका अटकेखाली दोन आरोप. त्यातला एक कोर्टाने कधीच काढून टाकलेला, पण त्याच्यासमोर निकालाची जागा कोरी! असे कागद बघून माझं डोकं फिरतं. वाचणारा ती जागा मनाने भरणार, आणि चांगलं काही भरणार नाही. कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढली, तेव्हा कुठे पोराचा चेहरा जरा सैल झाला.

नोकरीचं निराळं. पाच किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने, काही कामं वगळता, आधी ऑफर द्यायची आणि मगच रेकॉर्ड काढायचं, असा नियम २०१८ पासून आहे. रेकॉर्डमुळे ऑफर मागे घ्यायची तर लेखी नोटीस आणि उत्तराला कामाचे निदान पाच दिवस द्यावे लागतात. लोक नोटीस बघतात आणि घरी बसतात. अहो, तो अजून नकार नाही! रिपोर्टमधली चूक, कोर्सची सर्टिफिकेटं, जुन्या सुपरवायझरचं पत्र, जे असेल ते त्याच पाच दिवसांत पाठवा.

आपल्यातल्या ग्रीन कार्ड आणि व्हिसावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. राज्याच्या पीनल कोडच्या कलम १२०३.४ खाली कोर्टाने केस डिसमिस केली की लायसन्सचं काम सोपं होतं, पण इमिग्रेशनच्या लेखी शिक्षा सहसा तशीच उभी असते. ताईंचा मुलगा नागरिक आहे, त्याला ती धास्ती नाही. तुम्ही नसाल तर देशाबाहेर जाण्याआधी किंवा इमिग्रेशनचा कुठलाही अर्ज टाकण्याआधी इमिग्रेशनच्याच वकिलाला गाठा. क्रिमिनल वकिलाने ‘सगळं क्लिअर झालं’ म्हटलं, तरीही.