खटका

आमच्या घरात नवा चाकू आला की तो कापतो कसा हे कोणी पाहत नाही, तो मिटतो कसा हे पाहतात. ही सवय आजीपासूनची आहे. आजीला घडीच्या चाकूचा मनापासून राग होता आणि तो तिने एका वाक्यात बसवून ठेवला होता: "जा मिटता, ता कधीतरी हातार मिटतला." गंमत अशी की हे ती ज्यावर बसून बोलत असे, तो आडाळो, म्हणजे आमच्याकडची विळी, सुद्धा घडीचाच होता. काम झाले की पाते पाटावर आडवे पाडायचे आणि आडाळो भिंतीला उभा करून ठेवायचा, हा तिचा नेम होता. तो कधी तिच्या हातावर मिटल्याचे मला आठवत नाही.

आजोबांचा चाकू याच्या अगदी उलट्या जातीचा होता, म्हणजे आडाळ्याच्या पात्याला आवळणारी चावी असते तसे त्याला अडवणारे काहीच नव्हते, ना चावी, ना लॉक. मुंबईला गिरणीत असताना त्यांनी तो घेतला होता. पात्यावरचे बनावटीचे नाव झिजून गेले होते आणि मुठीवरचे शिंग पिवळे पडले होते. अशा चाकूत मुठीच्या पाठीला पोलादाची एक जाड पट्टी असते. पात्याचे जे बूड मुठीत शिरते त्यावर ती स्प्रिंगसारखी दाबून बसते आणि त्या दाबावरच पाते उघडे राहते, मिटलेलेही राहते. आजोबांच्या चाकूचे बूड चौकोनी घडवलेले असल्यामुळे पाते मिटताना अर्ध्यावर, काटकोनात, एकदा थबकत असे आणि मगच "टक्" असा आवाज करून आत जात असे. बोट वाटेत असेल तर ते काढून घ्यायला तेवढा क्षण पुरतो. खिशातला नेहमीचा स्विस चाकूही याच तत्त्वावर चालतो. त्याच्या ९१ मिलिमीटरच्या प्रसिद्ध आकारात मोठ्या पात्याला लॉक नसते, लॉक मिळते ते १११ मिलिमीटरच्या थोरल्या भावंडात.

आता प्रश्न असा, की लॉक नसलेला चाकू कापताना मिटत का नाही? याचे उत्तर मला चाकूपेक्षा आडाळ्याने लवकर समजावले. आडाळ्यावर बसलेल्या बाईकडे पात्याची धार असते आणि ती भाजी आपल्यापासून पुढे ढकलते. पाते मिटते ते मात्र तिच्या बाजूला, पाटावर. म्हणजे चिरण्याचा प्रत्येक जोर पात्याला उघडण्याच्याच दिशेने रेटतो, मिटण्याच्या नव्हे. चाकूचेही तसेच आहे. आंब्याच्या फोडी करताना धारेवर येणारा दाब पात्याला मागे, मुठीत त्याला आणखी मागे जाऊ न देणाऱ्या आडणीवर टेकवतो आणि मिटायला वावच ठेवत नाही. खटक्याची, म्हणजे लॉकची, गरज पडते ती पात्याच्या पाठीवर जोर आला तर: टोक खुपसताना, रुतलेले पाते हिसकून काढताना, किंवा चाकूला पहारीचे काम सांगताना. नारळ खवताना वाटी हातात फिरत असते, जोराची दिशा सारखी बदलते आणि घडीच्या आडाळ्याची चावी ढिली असली तर पाते तेव्हाच डुलू लागते. आजी खवायला बसण्यापूर्वी ती चावी न चुकता पिळत असे. चाकूला असे पिळणारे कोणी नसते.

माझे बोट चिरले ते कालवांमुळे, म्हणजे कातळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांमुळे, असे मी घरी सांगितले. खरे तर ते माझ्या विश्वासामुळे चिरले. खाडीला ओहोटी लागली होती, कातळ उघडे पडले होते आणि कोयती घरी राहिली होती. खिशात नवाकोरा चाकू होता, मुठीच्या आत पोलादी पट्टी सरकून पात्याला अडवणारा, ज्याला दुकानदार लायनर लॉक म्हणतात. त्या लॉकचा आताचा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेतील मायकल वॉकर या कारागिराने रूढ केला. मुठीच्या आतले अस्तर उभे चिरून त्याचीच एक पट्टी स्प्रिंग म्हणून वापरायची आणि पाते उघडले की ती आपोआप बुडाखाली सरकून पाचरीसारखी बसायची, ही कल्पना खरोखर सुंदर आहे. एका हाताने उघडते, एका हाताने मिटते. मी त्याचे टोक कालवाच्या फटीत घातले आणि चाकू पिळला. पिळताना पाते एका अंगाला कलते, मूठ घट्ट आवळलेली असल्यामुळे बोटांचे मांस आतल्या पट्टीच्या उघड्या कडेला रेटते आणि पट्टी आपल्या जागेवरून सरकते. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी कळले ते एवढेच, की कालव मिटलेलेच राहिले आणि चाकू मात्र माझ्या तर्जनीच्या मधल्या पेरावर मिटला. तीन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि आठ दिवस भात डाव्या हाताने खावा लागला, जो कोकणी माणसाला टाक्यांपेक्षा अधिक लागतो.

दुकानदाराने तो चाकू विकताना "हा मोडेल, पण मिटणार नाही" असे सांगितले होते. तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही, कारण चाकू मोडला नव्हता.

बोट बरे झाल्यावर मी तो चाकू उघडून पडवीत उजेडाला बसलो. पाते ज्यावर फिरते त्या खिळ्यापासून टोकापर्यंतचे अंतर ८ सेंटिमीटर, आणि खिळ्यापासून पट्टी जिथे टेकते तिथवरचे जेमतेम ५ मिलिमीटर. तरफेचा शाळेतला हिशेब केला, तर टोकावर एक किलोचा भार आला की त्या इवल्याशा टेकूवर सोळा किलो येतात. तोच हिशेब झिजेलाही लागू पडतो: टेकूपाशी केसाएवढी, एक दशांश मिलिमीटर झीज झाली की पात्याचे टोक दीड मिलिमीटरहून जास्त डुलते. आपण ज्याला "चाकू ढिला झाला" म्हणतो तो ढिलेपणा मुळात जिथे असतो तिथे डोळ्यांना दिसतच नाही. नव्या चाकूत पट्टीने बुडाची पाव ते अर्धी रुंदी व्यापलेली असावी. पुढे झिजत झिजत ती पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकते आणि तेथून पुढे तिला सरकायला जागा उरत नाही, म्हणून पाते खुळखुळू लागते. माझ्या चाकूत पट्टी बुडाच्या कडेला नुसती चिकटली होती. बुडाला दिलेला तिरका उतार नीट घासलेला नव्हता, त्यामुळे ती आत शिरतच नव्हती. उघडताना आवाज मात्र खणखणीत येत असे, आणि मी त्या आवाजालाच लॉक समजत होतो.

काकांचा भरवसा पाठीवरच्या खटक्यावर आहे. ही रचना जुनीच, पण ती घरोघरी गेली ती अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली ११० क्रमांकाचा चाकू बाजारात आणल्यावर. यात मुठीच्या पाठीत एक दांडी मधोमध खिळ्यावर झुलती असते. तिचे पुढचे नाक पात्याच्या बुडातील खाचेत पडते आणि मागच्या टोकाखालची स्प्रिंग तिला तिथे दाबून ठेवते. पिळण्याला हा खटका लायनर लॉकइतका घाबरत नाही, पण त्याचे दोन शत्रू आहेत. एक म्हणजे आपलीच मूठ: दांडी दाबायची जागा पुढे असेल आणि माणसाने चाकू जिवाच्या आकांताने आवळला, तर तळव्याचे मांसच तिला दाबते. दुसरा म्हणजे खिसा. काकांच्या चाकूच्या खाचेतून मी टाचणीने जे काढले ते लेंग्याच्या खिशातले धागे, तंबाखूचा चुरा आणि वाळू यांचे दाबून दाबून झालेले नमद्यासारखे चकले होते. नाक खाचेत पुरते बसायचे तर खाच रिकामी हवी. हे चकले तिला निम्मी भरून बसले होते. शिवाय काका त्यात खोबरेल तेल घालतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते आणि पौषातल्या सकाळी आमच्याकडेही पारा त्याखाली जातो. मग तेलात मळ, मळात वाळू, आणि दांडी सुस्तावलेली. मी हे समजावून सांगितले तेव्हा काका म्हणाले, "थंडीत मी चाकू उन्हात ठेवतो." यावर काय बोलणार?

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे जी डोंगरावरच्या किंवा शहरातल्या माणसाला सहसा सुचत नाही. स्टेनलेस म्हणजे गंजणार नाही, हा समज इथे दोन पावसाळ्यांत जातो. त्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि हवेशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ पापुद्रा पृष्ठभागावर धरतो; तोच त्याचे चिलखत. मिठातील क्लोराइड या चिलखताला भोके पाडते आणि जिथे हवा पोचत नाही अशा अरुंद फटीत पापुद्रा पुन्हा धरू शकत नाही. चाकूत अशी फट कुठे असते, तर नेमकी खिळ्याभोवती आणि खटक्याखाली. पाते बाहेरून लखलखत असते आणि आत तांबडे कण साचत असतात. मासे साफ केलेला चाकू मी आता गोड्या पाण्यात उघडून, मिटून, पुन्हा उघडून धुतो, पंख्याखाली वाळवतो आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा एकच थेंब देतो. दोन थेंब दिले तर तो वाळूला आमंत्रण देतो.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले लॉक फ्रान्समधील सावोय प्रांतातल्या ओपिनेलचे आहे. तो शेतकऱ्यांचा चाकू १८९० चा. त्यावरचे फिरते पोलादी कडे १९५५ साली आले. पाते उघडायचे, कडे फिरवायचे, की कड्याचा भरलेला भाग पात्याच्या वाटेत उभा राहतो. स्प्रिंग नाही, आपोआप होणारे काही नाही. लावले तर लॉक आहे आणि विसरलात तर नाही, आणि ते लावले आहे की नाही हे बोटाला कळते. त्याची मूठ मात्र बीच लाकडाची. आमच्या आषाढात ती अशी फुगते की पाते आतच अडकून बसते, म्हणजे न मागता मिटलेलेच लॉक होते. त्यावर सावोयी उपाय असा, की मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटायचे म्हणजे पाते नखात धरण्यापुरते वर येते. आमच्या ओटीवरच्या जांभ्याच्या पायरीवर तो उपाय तितकाच लागू पडतो.

लॉकची परीक्षा म्हणून काही जण उघड्या पात्याची पाठ लाकडावर जोरजोराने आपटून पाहतात. मला ती पद्धत आवडत नाही. चांगला खटकाही अशा मारांनी बिघडतो. मी बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवून पाठ पाटावर हलकेच टेकवतो, हळूहळू दाब वाढवतो, मग थोडा पीळ देतो. खटका सरकणार असेल तर तेवढ्यानेही सरकतो. माझा तो कालवांचा चाकू तिसऱ्याच खेपेला सरकला. तो आता वेष्टने फाडण्यापुरता उरला आहे.

गेल्या मे महिन्यात इंग्लंडहून भाचा आला होता. जाताना त्याला काहीतरी जुने, घरचे द्यावे म्हणून मी काकांचा पाठखटक्याचा चाकू, अर्थात काकांना विचारून, पुढे केला. त्याने तो हातात फिरवला आणि परत दिला. तिकडे १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंतचे घडीचे पाते बाळगायला सहसा कारण द्यावे लागत नाही, पण उघडल्यावर लॉक होणारा चाकू घडीचा धरायचाच नाही, असे तिथल्या न्यायालयाने १९९० च्या दशकात ठरवले आहे. तो बाळगायला योग्य कारण दाखवावे लागते. मी ज्याला सुरक्षिततेची सोय समजत होतो, ती तिथल्या कायद्याच्या नजरेत चाकूला सुऱ्याच्या रांगेत बसवते. "मामा, मिटणारा दे," तो म्हणाला.

मग मी पेटीतून आजोबांचा चाकू काढला. पाते मोजले, पावणेतीन इंच भरले. भाच्याने तो उघडला, आणि मिटताना पाते काटकोनात थबकले तसा तोही थबकला; त्याला वाटले, काहीतरी अडकले. त्याची तर्जनी अजून खाचेच्या तोंडावर होती. "आधी बोट काढ," मी म्हणालो. त्याने ते काढले आणि "टक्" वाजले.