गोदावरी: जुनं, पण मला फार आवडणारं नाव

माझ्या पणजीच्या पितळी पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, ‘सौ. गोदावरी’. जागा पुरली नाही म्हणून शेवटची वेलांटी काठावर चढलीय. मुलींना नद्यांची नावं ठेवायची आपली जुनी रीत. ही तर ब्रह्मगिरीवर उगम पावून थेट बंगालच्या उपसागराला मिळणारी, सुमारे १४६५ किलोमीटरची नदी! घरात मात्र तिची लगेच गोदा, गोदू, गोदाक्का होते. हाक मारायला इतकं मऊ नाव मला तरी दुसरं सुचत नाही.

आणि या नावाच्या बायका तरी कशा! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी लग्न केलं, त्या गोदूबाई. लग्नानंतर त्यांची आनंदीबाई झाली, याची मला अजून हळहळ वाटते. पुढे १९४५च्या वारली लढ्यात उभ्या राहिल्या त्या गोदावरी परुळेकर, सगळ्यांच्या गोदूताई.

लवकरच भाचीचं बारसं आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी गोदावरीच सुचवणार. वहिनीला लांबलचक वाटलं, तर रोजच्या हाकेला गोदा आहेच.