तुम्ही विचारलंत म्हणून: दिल्ली वाचायची तर कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणाऱ्याला वाटत असतं की मी पृथ्वीराज चौहानपासून यादी देईन. माझं उत्तर ठरलेलंय, गालिबची पत्रं घ्या. गझला नंतर, आधी पत्रं.

राजांच्या इतिहासात दिल्ली कोणी जिंकली, कोणी लुटली एवढंच कळतं हो, तिथे राहणाऱ्या माणसाचं काय झालं ते गालिब सांगतो. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतलं तेव्हा तो बल्लीमारानमधल्या घरातच होता. ऑक्टोबरात त्याचा भाऊ यूसुफ गेला, बाजार बंद, कफनाला कापड कुठून आणणार, शेवटी घरातल्याच दोन-तीन पांढऱ्या चादरींत गुंडाळून जवळच्या मशिदीच्या आवारात त्याला पुरलं. हे पत्रांत नाही, त्याच्या 'दस्तंबू' या १८५७ च्या फारसी रोजनिशीत आहे, मी तेवढं वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढचं पान दोन दिवसांनी उघडलं.

आणि मग मीर मेहदी मजरूह या आपल्या शिष्याला लिहिलेलं ते पत्र. गालिब म्हणतो दिल्ली पाच गोष्टींवर उभी होती: किल्ला, चांदनी चौक, जामा मशिदीपाशी रोज जमणारी गर्दी, दर आठवड्याला जमनेच्या पुलावरची सैर आणि वर्षातून एकदा फूलवाल्यांची जत्रा. पाचही गेल्या, आता सांग दिल्ली कुठाय? किल्ला सोडला तर बाकी सगळं साध्या माणसांचं फिरणं-भेटणंच आहे बघा. शहर म्हणजे काय हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मराठी वाचकांना अजून एक सांगते. पानिपताच्या आधी, १७६० मध्ये, भाऊसाहेबांनी किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या, छताची चांदी काढून नाणी पाडली, फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता म्हणून. आपण हे भाऊंची अडचण म्हणून वाचतो, ती अडचण खरीच होती, पण त्या छताखालच्या लोकांच्या बाजूनेही एकदा वाचा. महादजींनी १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलमला परत दिल्लीत आणून बसवलं तेही त्याला जोडून वाचा, म्हणजे आपला हिशोब पुरा होतो.

१९११ ची राजधानीची घोषणा, ल्युटेन्सची नवी दिल्ली वगैरे मागाहून वाचलं तरी चालतं.

आणि दिल्लीला गेलात तर जामा मशिदीच्या पायऱ्यांवरून लाल किल्ल्याकडे बघा. मधे एवढं मोकळं दिसतं ना, तिथे वस्ती होती, १८५७ नंतर पाडली. गालिबने लिहिलंय, जामा मशिदीपासून राजघाट दरवाजापर्यंत, अतिशयोक्ती न करता सांगतो, नुसतं ओसाड वाळवंट आहे.