मनमाड–हैदराबाद पट्टी: पूर्णेपर्यंत पोचलो

मंडळी, निजामाच्या जुन्या मीटरगेज लाइनचा हाताने काढलेला नकाशा अखेर पूर्णा जंक्शनपर्यंत आला. प्रमाण तेच ठेवलंय, एका मैलाला एक सेंटिमीटर. ही लाइन, म्हणजे हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, 391 मैलांची, म्हणजे पट्टी जवळपास चार मीटर होणार. सध्या ती बैठकीच्या खोलीत भिंतीच्या कडेनं पसरलीय.

मनमाड ते संभाजीनगर 113 किलोमीटर, म्हणजे माझ्या कागदावर 70 सेंटिमीटर. हा तुकडा दुसऱ्यांदा काढला. पहिल्या वेळी मनमाडला एक ठिपका देऊन मी पुढे सरकलो होतो आणि मग आख्खी गोष्टच कळेना. ही लाइन 1900 च्या सुमारास झाली तेव्हा मनमाडला मुंबईकडून येणारे जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) रूळ होते 1676 मिलिमीटर अंतराचे आणि आपले 1000 चे. डबे पुढे जाणार कसे? जालना-सेलूकडची कापसाची गाठ मुंबईला निघाली की मनमाडला उतरायची, हमालांच्या पाठीवरून मोठ्या लाइनच्या डब्यात चढायची. माणसांचंही तेच, ट्रंका-वळकट्या घेऊन गाडी बदलायची. मुंबई आणि हैदराबाद जोडली गेली खरी, पण मधे हा सांधा राहिला, तो थेट 1992 पर्यंत. त्या वर्षी मनमाड–औरंगाबाद रुंदीकरण झालं, छोट्या रुळांच्या जागी मोठे आले. म्हणून आता मनमाडला दोन रंगांचे रूळ समोरासमोर काढलेत, मधे फलाट.

नाव गोदावरी व्हॅली, पण नकाशावर गंगा (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) बराच वेळ दिसतच नाही. अंकाई-टंकाईच्या पायथ्यापासून रोटेगाव, लासूर, दौलताबाद, जालना, परतूर अशी लाइन जाते आणि गंगा दक्षिणेला पैठणकडून वाहते. नांदेडला ती शेजारी येते आणि ओलांडायची ती थेट बासरच्या पुढे. निळी शाई मी नांदेडसाठी राखून ठेवलीय.

जालना ते परभणी पटापट उरकलं.

पूर्णा मात्र मन लावून काढली. 1912 मध्ये इथून हिंगोलीचा फाटा निघाला, पुढे तोच अकोला-खांडव्याकडे गेला. मुख्य लाइन मोठी झाल्यावरही अकोल्याच्या बाजूला छोटी लाइन 2008 पर्यंत टिकली. म्हणजे मनमाडचा तो सांधा इकडे सरकला आणि पूर्णेत गाडी बदलायची वेळ आली! हे कागदावर दोन्ही रंग शेजारी आल्यावरच माझ्या नीट लक्षात आलं.

पूर्णेत वाढलेलं कुणी असेल तर एक सांगा: अकोल्याची छोटी गाडी कोणत्या फलाटाला लागायची? तेवढी जागा पेन्सिलीनं मोकळी ठेवलीय. तोवर चुडावा, लिंबगाव करत नांदेडकडे निघतो.