सेवेचे तास: नॅशनल ऑनर सोसायटीच्या सदस्यत्वाचा माझा अनुभव

मी दहावीत असताना फेब्रुवारी महिन्यात शाळेचे एक पत्र घरी आले. माझ्या गुणांची एकत्रित सरासरी पुरेशी असल्यामुळे नॅशनल ऑनर सोसायटी या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मानाच्या संस्थेच्या सदस्यत्वासाठी मला अर्ज करता येईल, असे त्यात लिहिले होते. नाशिकहून न्यू जर्सीत येऊन तेव्हा आम्हाला पावणेदोन वर्षे झाली होती. सदस्यत्व मिळालेच असे समजून आईने मामाला फोनही केला. पत्र पुन्हा नीट वाचल्यावर लक्षात आले की गुणांमुळे फक्त अर्ज हाती पडला होता. निवड अजून व्हायची होती.

ही संस्था १९२१ साली पिट्सबर्गमधील एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची राष्ट्रीय संघटना ती चालवते. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे तिचे चार आधार मानले जातात. गुणांची राष्ट्रीय किमान अट ४ पैकी ३ अशी आहे, पण प्रत्येक शाळेच्या शाखेला ती वाढवता येते. आमच्या शाखेने ती ३.५ ठेवली होती. ही अट पूर्ण करणाऱ्यांचे अर्ज पाच शिक्षकांच्या मंडळापुढे जातात आणि निर्णय बहुमताने होतो. शाखेचे काम पाहणाऱ्या सल्लागार शिक्षिकेला त्यात मत नसते. हे सगळे मला फार उशिरा कळले, म्हणून येथे सुरुवातीलाच सांगते.

अर्जात सेवेचा एक तक्ता होता. काम कोणते, कोणत्या तारखांना केले, किती तास केले आणि देखरेख कोणाची होती, असे त्याचे रकाने होते आणि शेवटी देखरेख करणाऱ्याची सही हवी होती. माझी आजी आमच्याबरोबर राहते. येथे आल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. आई आणि बाबा दोघेही नोकरीला जात असल्यामुळे शाळा सुटल्यावर तिला भरवणे, औषधे देणे, उजव्या हाताचे व्यायाम करून घेणे आणि तपासणीला तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांचे बोलणे मराठीत व तिचे इंग्रजीत सांगणे हे माझ्याकडे होते. मी हिशेब करून ४०० तास लिहिले आणि देखरेख म्हणून आईची सही घेतली.

सल्लागार शिक्षिकेने अर्ज चाळताना ती ओळ दाखवून सांगितले की कुटुंबातील व्यक्तीसाठी केलेले काम सेवेच्या तासांत धरता येत नाही. ते काम शाळेसाठी किंवा समाजासाठी, स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय केलेले असावे लागते. मला त्याचे फार वाईट वाटले. ‘सेवा’ हा शब्द मी प्रथम ऐकला तोच मुळी घरात, पणजोबांच्या आजारपणात, आणि अर्जातली ती सर्वांत खरी ओळ होती. ती खोडल्यावर तक्त्यात वाचनालयातील पुस्तके लावण्याचे सहा तास आणि उद्यान सफाईचे चार तास एवढेच उरले. नेतृत्वाच्या रकान्यात मी एका गटप्रकल्पाचा उल्लेख केला. एप्रिलमध्ये दोन ओळींचे नकाराचे पत्र आले. त्यात कारण नव्हते.

आईचे म्हणणे होते की विषय सोडून द्यावा. मी मात्र मे महिन्यात शिक्षिकेची वेळ मागून घेतली. मंडळातील पाचांपैकी चार शिक्षकांनी मला कधी शिकवलेले नाही आणि त्यांच्यापुढे फक्त कागद असतो, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मग त्यांनी विचारले, ‘तुम्ही तेथे नसता तर काय झाले नसते?’ इंग्रजीतला तो प्रश्न मी घरी येईपर्यंत मनात मराठीत मांडत होते. वाचनालय आणि उद्यान या दोन्हींच्या बाबतीत उत्तर एकच होते: काहीच अडले नसते.

जूनपासून मी एका चर्चच्या तळघरात चालणाऱ्या फूड पॅन्ट्रीत दर शनिवारी सकाळी जाऊ लागले. गरजू कुटुंबांना आठवड्याचा शिधा देणारे ते केंद्र होते. पहिले तीन आठवडे मी फक्त डबे निवडले. फुगलेला किंवा जोडाशी चेपलेला डबा बाजूला काढायचा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ असे छापलेले बरेचसे पदार्थ तारीख उलटल्यावरही काही काळ चांगले असतात, पण तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीची तारीख मात्र काटेकोर पाळायची, कारण केंद्रीय कायद्याने तारीख छापणे बंधनकारक असलेला तो एकमेव खाद्यपदार्थ आहे. जुलैत मला वाटपाच्या टेबलावर बसवले तेव्हा दिसले की काही कुटुंबे मांसाचे आणि मासळीचे डबे परत ठेवून जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन जातात. त्यांत एक वयस्कर गुजराती बाई होत्या. त्यांनी मला हिंदीत हळूच विचारले, ‘दाल नहीं है?’

सप्टेंबरमध्ये आमच्या गावच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता. दर्शनाला येताना प्रत्येक कुटुंबाने तूर, मूग किंवा राजमा यांचे एक पाकीट आणावे, असे मी कार्यकारिणीतील काकांना सुचवले. ते लगेच तयार झाले, पण मी एक गोष्ट स्पष्ट करायला विसरले: पॅन्ट्रीत फक्त कंपनीचे सीलबंद पाकीटच चालते. अनेक काकूंनी घरच्या डब्यातली डाळ प्रेमाने पिशव्यांत भरून आणली आणि ती नाकारताना मला रडू आले. दुसऱ्या दिवशी मी सर्वांना नवा निरोप पाठवला आणि विसर्जनापर्यंत ६१ सीलबंद पाकिटे जमली. डाळ कशी शिजवायची, हे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पाकिटाला लावली. स्पॅनिश मजकूर वर्गातल्या मैत्रिणीने लिहून दिला.

त्याच महिन्यात मी शाळेच्या ‘की क्लब’चीही सदस्य झाले. हा सेवा क्लब किवानिस या संस्थेचा असून पहिला की क्लब १९२५ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे निघाला. येथे निवड मंडळ नसते. काम करायची तयारी असलेल्या कोणालाही प्रवेश असतो आणि पदाधिकारी विद्यार्थीच निवडतात. रोटरीचा इंटरॅक्ट आणि लायन्सचा लिओ हे क्लबही याच प्रकारचे आहेत. बाबांना हे पटकन कळले, कारण नाशिकच्या रोटरीची शिबिरे त्यांनी पाहिली होती. नव्याने आलेल्या मराठी मुलांनी आधी अशा क्लबात जावे, असे मला मनापासून वाटते. मानाच्या संस्थेत काम दाखवावे लागते. ते करायला माणसे आणि जागा या क्लबांत मिळतात.

अकरावीच्या फेब्रुवारीत पुन्हा अर्ज भरला. तास आता भरपूर होते, सह्याही होत्या. अडले ते निबंधापाशी. आपण केलेले आपणच सांगू नये, हे वळण लहानपणापासूनचे. त्यामुळे पहिल्या मसुद्यात प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू झाले. शिक्षिकेने समासात ‘कोण?’ असे सात ठिकाणी लिहिले. मग डाळ कोणी जमवली, चूक कोणाची झाली, ती कोणी निस्तरली आणि स्पॅनिश कोणी लिहिले, हे मी एकेक करून ज्याच्या त्याच्या नावावर लिहिले. आजीबद्दल मी तक्त्यात काही लिहिले नाही. निबंधात मात्र एक परिच्छेद लिहिला: टेबलापलीकडच्या माणसाला आपले म्हणणे इंग्रजीत सांगता येत नसते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, हे मी दवाखान्यात आजीशेजारी बसून शिकले होते आणि म्हणूनच रिकाम्या पिशव्या माझ्या नजरेत आल्या.

एप्रिलमध्ये निवडीचे पत्र आले. मे महिन्यातील समारंभात चार आधारांसाठी चार मेणबत्त्या लावल्या गेल्या आणि आम्ही शपथ घेतली. आजी चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होती.

बारावीत ऑक्टोबरच्या रक्तदान शिबिराची जबाबदारी माझ्याकडे आली. सोळा वर्षांच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घेणे, सतरा पूर्ण झालेल्यांची वेगळी यादी करणे, ११० पौंड ही वजनाची किमान अट सर्वांना आधीच कळवणे अशी ती कामे होती. मला स्वतःला मात्र रक्त देता आले नाही, कारण ऑगस्टमध्ये मी नाशिकला जाऊन आले होते आणि मलेरियाच्या प्रदेशातून परतल्यावर तीन महिने थांबावे लागते. मार्चच्या शिबिरात मी रक्त दिले. त्यानंतर रस पीत बसले असता टेबलावर काम करणारी दहावीतली एक मुलगी तिचा अर्ज घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या आजोबांची दृष्टी गेली होती आणि रोज संध्याकाळी ती त्यांना फिरायला नेत असे. ते तास कोणत्या रकान्यात लिहावेत, असे तिने विचारले. तक्त्यात ते धरले जाणार नाहीत, हे मी तिला आधी सांगितले. मग खुर्ची ओढून तिला शेजारी बसवले आणि फिरताना आजोबांना काय काय सांगावे लागते, ते विचारू लागले.