दोन मुठींच्या आतला ध्रुव

रात्रभर फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघांनी उमटणाऱ्या वर्तुळांची छायाचित्रे मी पहिल्यांदा पाहिली ती थंड देशांतली, आणि त्यांत ध्रुव नेहमी झाडांच्या शेंड्यांपेक्षा कितीतरी उंच असायचा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीजवळ आत्याच्या शेतावर कॅमेरा लावला, तेव्हा तसे चित्र काही केल्या जमेना. कारण साधे आहे: जागेचा अक्षांश जितका, साधारण तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. लंडनमध्ये तो ५१ अंशांवर असतो, तर दहिवडीच्या आसपास १८ अंशही भरत नाहीत. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, त्या हिशेबाने आपला ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच राहतो. सप्तर्षींची सुमारे एक तृतीयांश फेरी त्यामुळे जमिनीखालून होते, शिवाय उत्तरेकडचा फलटणच्या दिव्यांचा पिवळट उजेड नेमका ध्रुवाच्या पायाशी येतो. शेवटी बांधावरचा कडुनिंब त्या उजेडाच्या आड येईल अशा बेताने तिकाटणे रोवले.

ती पौषातली अमावास्या होती. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस सापडत नाही आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही फारसा विश्वास ठेवता येत नाही, म्हणून व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्सचे कडे फिरवले आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १६००; प्रत्येकी ३० सेकंदांची २४० छायाचित्रे, म्हणजे दोन तास. आकाश तासाला १५ अंश फिरते, तेव्हा ३० अंशांचे कंस मिळायला हवे होते. प्रत्यक्षात चार तास गेले आणि हाती आल्या तुटक रेघा. शटर बराच वेळ उघडे राहिल्याने चित्रात येणारे खोटे ठिपके घालवण्याची सोय मी चालूच ठेवली होती. ती चालू असली, की कॅमेरा प्रत्येक छायाचित्रानंतर शटर बंद ठेवून तितकाच वेळ आणखी एक काळे चित्र घेतो, आणि तेवढ्यात तारे पुढे सरकलेले असतात. सकाळी आत्याने पडद्यावर डोकावून पाहिले आणि म्हणाली, “गोधडीला धावदोरा बरा घातलायस की रं.” याहून नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही.

दुसऱ्या रात्री ती सोय बंद केली. सगळी छायाचित्रे संगणकावर एकावर एक चढवून प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा राखला, तेव्हा कडुनिंबाच्या डाव्या अंगाला शर्मिष्ठेचे आणि उजवीकडे सप्तर्षींचे अखंड कंस उमटले. मला मात्र सर्वांत जास्त वेळ रोखून धरले ते मधल्या ठिपक्याने. चित्र मोठे करून पाहिले, तर तो ठिपका नव्हताच; नखाच्या कडेसारखी बारीक वक्र रेघ होती. ज्याभोवती आकाश फिरताना दिसते त्या खऱ्या खगोलीय ध्रुवबिंदूपासून ध्रुवतारा सुमारे पाऊण अंशाच्या आत, पण त्याच्यापासून बाजूला आहे, आणि तोही स्वतःची चिमुकली फेरी घालतो. लहानपणापासून ऐकलेल्या अढळपदाचे असे काही होईल, असे वाटले नव्हते.

त्याच चित्रात खाली आणखी एक रेघ आहे. शेतीची वीज रात्रीची असल्याने शेजारचे काका साडेदहाच्या सुमारास बॅटरी घेऊन गव्हाला दारे धरायला, म्हणजे पाणी पाजायला, निघाले आणि माझ्या चौकटीतून आडवे गेले. पहिल्यांदा मी चरफडलो. नंतर पाहिले, तर एवढ्या अंधारात चालणारा माणूस उमटलाच नव्हता. बांधाबांधाने नागमोडी गेलेला उजेड तेवढा राहिला होता, आणि जिथे त्यांनी वाकून पाण्याचे दार मोडले, तिथे त्याचा ठळक गोळा झाला होता. “पाव्हणं, मी आलोय का फोटोत?” त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले. मी तो गोळा दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, “हितंच उंदरानं पाट फोडला हुता.”